नव्या शर्तीचा उगम : मुंबई कायदेकौन्सिलांतील २४ ऑगस्ट १९०१ चा दिवस

१

महाराष्ट्रांतील कोणत्याहि तलाठ्याच्या दप्तरांतील सात-बाराचे उतारे चाळूं लागलें म्हणजे कांहीं जमिनींपुढें ‘नवीन अविभाज्य शर्त’, ‘नवी शर्त’ किंवा ‘भोगवटादार वर्ग २’ असे शब्द आढळतात. ज्या खातेदाराच्या नांवापुढें हे शब्द पडले, त्यास ती जमीन कसतां येते, मुलाबाळांस ठेवितां येते. परंतु सरकारी परवानगीवांचून ती विकतां येत नाहीं, आणि परवानगी मिळाली तरी बहुधा नजराणा भरावा लागतो. हे शब्द शेतकऱ्यांच्या तोंडीं इतके रुळले आहेत कीं, ते कोणीं, केव्हां व कशासाठीं घातले हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. शर्तीस ‘नवी’ म्हणतात, त्या अर्थीं ती केव्हां तरी खरोखरच नवी होती व तिच्यापूर्वीं एक ‘जुनी’ शर्त चालत होती, हें उघड आहे. ही नवी शर्त मुंबई इलाख्याच्या जमीनमहसुलाच्या कायद्यांत ज्या बैठकींत शिरली, त्या बैठकीची हकीकत देऊन तिच्यांतील वादाचा निवाडा आज कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

तो दिवस शनिवार, ता. २४ ऑगस्ट १९०१, शके १८२३. स्थळ पुणें. पावसाळ्यांत मुंबई सरकारचा मुक्काम पुण्यास असे व कौन्सिलहि तेथेंच भरे. या दिवशीं फिरोजशहा मेहता, गोपाळ कृष्ण गोखले व त्यांचे तीन सहकारी मिळून पांच लोकपक्षीय सभासद उठून सभागृहाबाहेर गेले. हिंदुस्थानच्या विधिमंडळांच्या इतिहासांत हा पहिला सभात्याग होय असें सामान्यतः मानितात. गोखले व मेहता यांच्या चरित्रांचा परिचय असणाऱ्या वाचकांस ही गोष्ट नवी नाहीं. परंतु बाहेर जाणाऱ्यांचें धैर्य वर्णन करतांना ते कशावरून बाहेर गेले, हा मुद्दा मागें पडतो. आमच्या मतें त्या दिवसाचें खरें महत्त्व खुर्च्या रिकाम्या झाल्या यांत नसून, कुणब्याची जमीन ही त्याची मालमत्ता कीं सरकारची मेहेरबानी, हा प्रश्न त्या दिवशीं उघडपणें पटलावर आला यांत आहे.

२

प्रथम कौन्सिलाचें स्वरूप पाहूं. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टान्वयें मुंबई इलाख्यास स्वतःपुरते कायदे करण्याचा अधिकार पुन्हा मिळाला व या कौन्सिलाची पहिली बैठक ता. २२ जानेवारी १८६२ रोजीं भरली. त्यानंतर तीस वर्षांनीं, १८९२ च्या कायद्यानें सभासदांची संख्या वाढली, अंदाजपत्रकावर बोलण्याचा व प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला, आणि निवडणुकीचें तत्त्व आडवळणानें का होईना, मान्य झालें. आडवळणानें म्हणण्याचें कारण असें कीं, ठराविक संस्थांनीं आपल्या पसंतीचें नांव सुचवावयाचें व गव्हर्नरानें त्या गृहस्थाची नेमणूक करावयाची, अशी ती रीत होती. मुंबईची म्युनिसिपल कॉर्पोरेशन, विश्वविद्यालय, दक्षिणेंतील सरदार, व्यापारी मंडळें, निरनिराळ्या विभागांतील लोकल बोर्डें व म्युनिसिपालिट्या यांस हा मान होता. शेत कसणाऱ्या रयतेस स्वतःचा म्हणून मतदारसंघ नव्हता.

अध्यक्षस्थानीं खुद्द गव्हर्नर बसत. अंदाजपत्रकावर बोलतां येई, मत देतां येत नसे. बिलांवर मत देतां येई खरें. पण सरकारी अधिकारी व सरकारनें नेमलेले गृहस्थ यांचें बहुमत आधींपासूनच कायम असे. यास्तव लोकपक्षाच्या सभासदाचें सारें सामर्थ्य त्याच्या भाषणांत होतें. उपसूचना मांडावी, तिच्या समर्थनार्थ आंकडे व युक्तिवाद द्यावे, ती पडावी, आणि तो सारा वृत्तांत सरकारी कार्यवृत्तांत व वर्तमानपत्रांत छापून यावा, एवढेंच यश त्यास साध्य होतें.

आज जिला आपण विधान परिषद म्हणतों, तिचें नांव व वंश याच कौन्सिलापासून चालत आले आहेत. १९३५ च्या कायद्यान्वयें १९३७ सालीं मुंबई प्रांतास दोन सभागृहें मिळालीं. खालचें सभागृह असेंब्ली म्हणून नवें निघालें व लेजिस्लेटिव्ह कौन्सिल हें जुनें नांव वरिष्ठ सभागृहाकडे राहिलें. १९६० सालीं महाराष्ट्र राज्य झाल्यावर तेंच सभागृह महाराष्ट्राची विधान परिषद झालें. १९०१ सालीं मात्र कौन्सिल एकच होतें, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

३

आतां जमिनीच्या हक्काकडे वळूं. पेशवाई गेल्यानंतर इंग्रजांनीं दक्षिणेंत प्रथम जी साऱ्याची पद्धत चालविली, ती फार जड झाली व गांवें ओसाड पडूं लागलीं. तेव्हां गोल्डस्मिड व विंगेट यांनीं १८३६ सालीं पुणें जिल्ह्यांतील इंदापूर तालुक्यापासून नव्या पाहणीस आरंभ केला. प्रत्येक शेताची मोजणी करून, त्याचा मगदूर पाहून, तीस वर्षांपर्यंत कायम राहील असा धारा ठरवावयाचा, हें या पद्धतीचें मुख्य तत्त्व. धारा भरीत आहे तोंवर खातेदारास जमिनीवरून कोणीं उठवूं नये, आणि ती त्यानें विकावी, गहाण ठेवावी किंवा वारसांस द्यावी, ही मुभा या पद्धतीचा दुसरा आधारस्तंभ होती. १८६५ च्या पाहणीच्या कायद्यानें ही व्यवस्था कायद्याच्या पायावर आली व १८७९ च्या जमीनमहसुलाच्या कायद्याच्या ७३ व्या कलमांत खातेदाराचा हक्क वारसानें चालणारा व हस्तांतर करतां येणारा आहे, असें स्पष्ट म्हटलें गेलें. हीच ती ‘जुनी शर्त’.

परंतु याच कायद्यांत ५६ वें कलमहि होतें. साऱ्याची बाकी थकली तर खातें सरकारजमा करण्याचा अधिकार त्या कलमानें कलेक्टरास दिला होता. खातें असें जप्त होऊन विकलें गेलें म्हणजे त्याच्यावरील गहाणादि बोजे उडून जात. सारांश, ७३ वें कलम हक्क देई व ५६ वें कलम त्या हक्काच्या मानेवर सुरी टांगून ठेवी. सुगीच्या सालीं तिची आठवण होण्याचें कारण पडत नसे. दुष्काळांत मात्र ती प्रत्येक खातेदारास दिसूं लागे.

जमीन विकतां-गहाण ठेवितां येते म्हणून सावकार पैसे देऊं लागला, आणि पैसे मिळतात म्हणून कुणबी कर्ज काढूं लागला. साऱ्याचा हप्ता ठरल्या दिवशीं रोकड भरावा लागे. पीक बुडालें म्हणून हप्ता आपोआप थांबत नसे. मे १८७५ मध्यें सुपें येथें सावकारांविरुद्ध दंगा झाला व तो पुणें आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यांत रोष माणसांपेक्षां दस्तऐवजांवर अधिक होता. त्याचें फळ म्हणून १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या साह्याचा कायदा झाला. त्यानें कोर्टांस व्यवहाराच्या मुळाशीं जाऊन हिशेब तपासण्याची मुभा दिली, पण शेतकऱ्यास सावकाराव्यतिरिक्त दुसरें कोणी कर्ज देईल अशी सोय केली नाहीं. ती करण्याचा एक यत्न पुणेंकरांनीं सर विल्यम वेडरबर्न यांच्या साह्यानें केला होता. पुरंदर तालुक्यांत शेतकी पेढी काढून रयतेचें जुनें कर्ज वारावें व पुढील कर्ज माफक व्याजानें द्यावें, अशी ती योजना. लॉर्ड रिपन यांच्या सरकारची तीस अनुकूलता होती. परंतु लंडन येथील भारतमंत्र्यांच्या कचेरींत ती नामंजूर झाली.

यानंतर १८९६-९७ चा दुष्काळ आला, त्याच्या पाठोपाठ प्लेग, व पुढें १८९९-१९०० चा त्याहून भयंकर दुष्काळ. सर अँटनी मॅक्डोनेल यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ कमिशननें १९०१ सालीं असा अभिप्राय दिला कीं, मुंबई इलाख्यांतील निदान एक चतुर्थांश शेतकऱ्यांच्या हातून जमिनी गेल्या आहेत, एक पंचमांशाहूनहि थोडे लोक ऋणमुक्त आहेत, व उरलेले सारे कमी-अधिक कर्जांत आहेत. पंजाबांत त्याच सुमारास, १९०० सालीं, शेतकरी वर्गाच्या जमिनी इतर वर्गांकडे जाऊं नयेत म्हणून कायदा झालाच होता. मुंबई सरकारच्या बिलामागें ही सर्व परिस्थिति उभी होती.

४

बिल मे १९०१ मध्यें महाबळेश्वर येथें मांडलें गेलें. सरकारच्या वतीनें तें चालविण्याचें काम कौन्सिलांतील महसूलखात्याचे सभासद जेम्स मॉन्टीथ यांजकडे होतें. बिलाचा आकार लहान, पण अर्थ मोठा होता. त्यांतील मुख्य गोष्टी दोन. पहिली अशी कीं, ज्या मुलखांत मूळची पाहणी व आकारणी अद्यापि झालेली नाहीं, तेथें सरकारनें जाहीरनामा काढल्यास खातेदारास कलेक्टरच्या पूर्वपरवानगीवांचून आपला हक्क दुसऱ्यास देतां येऊं नये. दुसरी अशी कीं, सरकारच्या हातीं असलेली मोकळी जमीन हव्या त्या मुदतीनें व हव्या त्या शर्तींवर देण्याचा कलेक्टरास अधिकार असावा. या दुसऱ्या तरतुदीचे शब्द लक्षांत घेण्याजोगे आहेत. असें करणें कलेक्टरास पूर्वीं कधीं बेकायदेशीर होतें असेंहि मानलें जाऊं नये, अशा आशयाची पुस्ती तीस जोडलेली होती. म्हणजे नवा अधिकार द्यावयाचा व तो जुनाच होता असें म्हणावयाचें, अशी ही रचना.

ही तरतूद व्यवहारांत कशी लागू पडे, तें एका कल्पित उदाहरणानें सांगतों. एका कुणब्याचें वीस एकरांचें खातें आहे. त्यावर सावकाराचें गहाण आहे. दुष्काळाच्या दोन सालांचा सारा थकला आहे. कलेक्टरानें ५६ व्या कलमान्वयें तें खातें सरकारजमा केलें, कीं ती जमीन सरकारची मोकळी जमीन झाली. मग तीच जमीन त्याच कुणब्यास नव्या बिलान्वयें परत द्यावयाची, थकलेली बाकी सोडावयाची, मात्र शर्त अशी घालावयाची कीं, यापुढें परवानगीवांचून विक्री किंवा गहाण करूं नये. कुणबी त्याच शेतांत, तोच नांगर धरून उभा राहील. शेत बदलणार नाहीं, कसणारा बदलणार नाहीं, फक्त दप्तरांतील शब्द बदलेल. काल तें शेत त्याचें होतें. आज तो तें सरकारच्या शर्तीवर वाहतो.

वतनी जमिनींस असें बंधन पूर्वींहि होतें. १८७४ च्या वतन कायद्यानें वतनाचें उत्पन्न वतनदाराच्या घराबाहेर जाऊं नये अशी तजवीज केली होती. पण तें बंधन चाकरीसाठीं होतें. सामान्य रयतावा जमिनीवर, खुद्द रयतेच्या कल्याणाचें नांव घेऊन, असें बंधन घालण्याचा हा उपक्रम निराळ्या जातीचा होता.

५

ऑगस्टांत कौन्सिल पुण्यास भरलें तेव्हां गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट अध्यक्षस्थानीं होते. सरकारपक्षाचें म्हणणें थोडक्यांत असें होतें : जमीन सहज विकतां येते म्हणूनच ती जाते, सावकार जमिनीवर डोळा ठेवून कर्ज देतो, दुष्काळानें रयत इतकी खचली आहे कीं, आतां तिला तिच्याच हातापासून संरक्षण पाहिजे, शिवाय हें बिल कोणावर सक्ति करीत नाहीं, केवळ थकबाकीमुळें सरकारच्या हातीं आलेल्या जमिनींपुरतेंच तें आहे. या म्हणण्यांत तथ्य मुळींच नव्हतें असें आम्ही म्हणत नाहीं. कमिशनचे आंकडे ताजे होते, आणि खेड्यांतील जमिनी सावकारांच्या नांवें चढत असल्याचें कोणासहि नाकारतां येण्यासारखें नव्हतें.

फिरोजशहा मेहता यांनीं बिलाचा विचार तूर्त तहकूब ठेवून त्यावर अधिक मतें मागवावींत, अशा आशयाची उपसूचना आणिली. वादाचा सारा भर तिच्यावर पडला. मेहता हे त्या वेळीं छपन्न वर्षांचे असून कौन्सिलांतील अनुभवानें व वक्तृत्वानें लोकपक्षाचे पुढारी होते. रयत उधळी आहे म्हणून ती कर्जांत बुडते, या गृहीत गोष्टीवरच लोकपक्षाचा कटाक्ष होता. कर्जाचें मूळ लग्नकार्याच्या खर्चांत शोधण्यापेक्षां ठराविक दिवशीं रोकड मागणाऱ्या ताठर महसुलांत शोधावें. दुष्काळाच्या सालीं सूट किंवा तहकुबी मोकळ्या हातानें मिळाली असती तर इतकी थकबाकी सांचलीच नसती. आणि जी बाकी सरकारनें सोडून द्यावी ती धरून ठेवून, तिच्या बळावर खातीं जप्त करावयाचीं व मग तींच उपकारादाखल परत द्यावयाचीं, हा न्याय नव्हे, असा या पक्षाचा रोख होता.

गोखल्यांचें वय तेव्हां पस्तीस. १८९९ सालीं ते या कौन्सिलांत आले होते व १९०१ सालींच वरिष्ठ सरकारच्या कौन्सिलावर त्यांची निवड व्हावयाची होती. त्यांच्या या दिवशींच्या भाषणांतील एक भाग आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचा असून त्याकडेच लोकांचें सर्वांत कमी लक्ष गेलें आहे. हस्तांतराचा हक्क काढून घेणें ही गोष्ट कोणत्याहि परिस्थितींत निषिद्धच आहे, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. सरकारनें प्रयोगादाखल एक लहानसा मुलूख निवडावा, तेथील रयतेचें सावकारांशीं असलेलें जुनें देणें तडजोडीनें आपल्या अंगावर घ्यावें, नित्याच्या गरजांसाठीं शेतकी पेढ्या काढाव्यात, आणि इतकें केल्यावर मग त्या जमिनी परवानगीवांचून विकूं नयेत असा नियम करावा. अशी योजना असती तर आपण तीस मनःपूर्वक पाठिंबा दिला असता, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पुरंदरच्या पेढीची जी योजना लंडनांत बुडाली, तिचाच सूर येथें पुन्हा उमटला, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

दोन्ही बाजूंतील खरा भेद येथें आहे. सरकारचें म्हणणें, आधीं दार लावूं. गोखल्यांचें म्हणणें, घरांत दाणापाणी भरल्याशिवाय दार लावाल तर आंतला माणूस उपाशी मरेल. ज्याची जमीन गहाण पडूं शकत नाहीं त्यास सावकार बियाण्यापुरतेंहि देणार नाहीं, आणि सरकार तर देण्याची हमी घेत नाहीं. मग पेरणीच्या वेळीं कुणब्यानें कोणाच्या दारीं जावें, या प्रश्नास बिलांत उत्तर नव्हतें.

उपसूचना मतास टाकतांच पडली. बहुमत ठरलेलें होतें, तेव्हां त्यांत आश्चर्य नव्हतें. यानंतरचा क्रम ठराविक असे : बिल एकेक कलमानें पुढें न्यावें, लोकपक्षानें किरकोळ दुरुस्त्या सुचवाव्यात, त्या पडाव्यात, आणि शेवटीं सर्वांच्या उपस्थितींत बिल मंजूर व्हावें. हा क्रम त्या दिवशीं मोडला. मेहता उठले व सभागृहांतून निघाले. त्यांच्यासमवेत सर भालचंद्र कृष्ण भाटवडेकर, दाजी आबाजी खरे, गोकुळदास कहानदास पारेख व गोखले हेहि बाहेर पडले. मुंबईचे एक नामांकित डॉक्टर, तिघे वकील व पुण्याचा एक प्राध्यापक असे हे पांच गृहस्थ होते.

गोखल्यांनीं जाण्यापूर्वीं दोन शब्द सांगितले. आपण हा मार्ग अत्यंत नाइलाजानें पत्करीत आहों. गव्हर्नरसाहेबांचा किंवा त्यांच्या सहकाऱ्यांचा अनादर करण्याचा आपला हेतु नाहीं. परंतु या कायद्याशीं आपल्या नांवाचा दूरचाहि संबंध जोडला जाऊं नये या कर्तव्यबुद्धीनें आपणांस जावें लागत आहे, असा त्यांचा भाव होता. गव्हर्नर अध्यक्षस्थानीं असतां त्यांच्यासमोरून उठून जाणें ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हती. प्लेगच्या बंदोबस्ताविषयीं केलेल्या विधानांबद्दल १८९७ सालीं जाहीर माफी मागावी लागल्याचा घाव ज्यांच्या मनावर ताजा होता, त्या मवाळ वृत्तीच्या गोखल्यांनीं हें केलें, यावरून प्रश्न त्यांस किती गंभीर वाटला तें कळतें.

बिल मंजूर झालें व १९०१ चा मुंबईचा ६ वा कायदा म्हणून तें अमलांत आलें. १८७९ च्या कायद्यांत ६८ व्या कलमाखालीं नवी पुस्ती जोडली गेली व ७३ व्या कलमामागून ‘७३ अ’ हें नवें कलम येऊन बसलें.

६

या वादाचा निवाडा करतांना दोन्ही पक्षांचे हेतु तपासणें प्राप्त आहे. लोकपक्षावर त्या काळींहि आक्षेप होता व पुढेंहि घेतला गेला तो असा कीं, वकील व शहरवासी पुढारी सावकारांची बाजू घेऊन उभे राहिले. हा आक्षेप अगदींच निराधार म्हणून झटकून टाकणें योग्य होणार नाहीं. खातें जप्त झालें म्हणजे सावकाराचें गहाण बुडणार होतें, व सावकारवर्गास हें बिल नको होतें, हें खरें. परंतु गोखल्यांनीं सुचविलेली योजना सावकाराच्या फायद्याची नव्हती. तींत सावकाराचें देणें तडजोडीनें कमी करून त्याचा धंदाच पेढीकडे द्यावयाचा होता. जो मनुष्य सावकाराच्या पोटावर पाय देणारा उपाय सुचवितो, त्यास सावकाराचा वकील म्हणणें न्यायाचें नाहीं.

सरकारच्या हेतूविषयींहि तसेंच. जमिनी सावकारांकडे जात आहेत याचें भय अधिकाऱ्यांस खरेंच होतें. सुप्याचा दंगा ते विसरले नव्हते. पण सावकाराचें गहाण पुसतांना सरकारनें आपली महसुलाची मागणी कमी होईल असें कोठेंहि कबूल केलें नाहीं. कुणब्याच्या पिकावर दोन धनको हक्क सांगत होते. बिलानें एकास दूर सारलें व दुसऱ्याचें आसन अधिक बळकट केलें. पुढील वर्षीं, जानेवारी १९०२ मध्यें, लॉर्ड कर्झन यांच्या सरकारनें जमीनमहसुलाविषयीं आपला प्रसिद्ध ठराव काढला. दुष्काळाचें मूळ साऱ्याच्या जडपणांत नाहीं असें म्हणत असतांहि, सारा वसूल करतांना हंगामाप्रमाणें लवचिकपणा असावा हें तत्त्व त्यांत आलें. लोकपक्षाच्या युक्तिवादाचा एक भाग अशा रीतीनें सरकारच्या लेखणींतूनच उतरला.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा निवाडा पुरा होत नाहीं. त्या दिवशीं सभागृहांत बसलेल्यांपैकीं प्रत्येकजण रयतेच्या नांवानें बोलत होता. गव्हर्नर तिचे पालक म्हणून, मॉन्टीथ तिचे रक्षक म्हणून, मेहता-गोखले तिचे प्रतिनिधि म्हणून. ज्याचें वीस एकरांचें खातें जप्त व्हावयाचें, तो मात्र त्या सभागृहांत नव्हता, व त्यास तेथें पाठविणारा मतदारसंघहि नव्हता. पांच सभासद बाहेर गेल्यानें ज्या खुर्च्या रिकाम्या झाल्या, त्या दिसल्या; जी खुर्ची मुळांतच मांडलेली नव्हती, ती कोणास दिसली नाहीं.

७

पुढील इतिहास थोडक्यांत देऊन हा लेख संपवितों. शेतकऱ्यास कर्ज देणाऱ्या संस्था निघाव्यात म्हणून सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला. त्या बिलावर वरिष्ठ कौन्सिलांत बोलतांना गोखल्यांनीं त्याचें स्वागत केलें, परंतु जुन्या कर्जाचा निकाल लावल्याशिवाय नवी पेढी रयतेस वर काढूं शकणार नाहीं, हा आपला मुद्दा सोडला नाहीं. पुण्यांत १९०१ सालीं ते जें बोलले, त्याचाच हा पुढील धागा होय.

स्वराज्य आल्यानंतर काय झालें, हें पाहणें विशेष उद्बोधक आहे. ज्या बंधनास लोकपक्षानें १९०१ सालीं विरोध केला, तेंच बंधन लोकनियुक्त सरकारांनीं स्वीकारलें, इतकेंच नव्हे तर वाढविलें. भूमिहीनांस सरकारी जमिनी दिल्या त्या नव्या शर्तीवर. १९४८ च्या कूळकायद्याखालीं कुळांच्या मालकीच्या झालेल्या जमिनींवरहि परवानगीवांचून हस्तांतर करूं नये असें बंधन आलें. १८७९ चा कायदा जाऊन महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ आली, तेव्हां ‘भोगवटादार वर्ग १’ व ‘भोगवटादार वर्ग २’ असे दोन भेद तिच्या २९ व्या कलमांत नोंदले गेले. १९७४ सालीं ‘३६ अ’ हें कलम घालून आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाण्यास अधिक कडक आळा घालण्यांत आला. ही सर्व बंधनें दुर्बळाची जमीन टिकावी म्हणूनच आहेत. तेव्हां सरकारपक्षाचें मूळ म्हणणें, म्हणजे मोकळ्या बाजारांत दुर्बळाच्या हातीं जमीन टिकत नाहीं हें म्हणणें, अनुभवानें खोटें ठरलें नाहीं, असें प्रांजळपणें कबूल केलें पाहिजे.

पण याच संहितेच्या ३६ व्या कलमांत एक पोटकलम आहे, त्याकडे आम्ही वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. वर्ग २ च्या भोगवटादारासहि सरकारच्या कर्जासाठीं सरकारकडे, अथवा सहकारी संस्थेच्या कर्जासाठीं त्या संस्थेकडे, आपली जमीन गहाण ठेवण्याची मुभा त्यांत दिली आहे. दार लाविलें आहे, पण पेरणीच्या पैशाकरितां एक खिडकी ठेविली आहे. १९०१ च्या बिलांत नेमकी हीच खिडकी नव्हती, आणि नेमकी हीच गोखले मागत होते. म्हणजे बंधन आवश्यक आहे हें सरकारपक्षाचें मत व बंधनाबरोबर पत पुरविली पाहिजे हें गोखल्यांचें मत, अशीं दोन्हीं मतें पुढें एकाच कलमांत शेजारीं शेजारीं येऊन बसलीं. तीं त्या दिवशीं पुण्यास एकत्र बसूं शकलीं नाहींत, याचें कारण युक्तिवाद अपुरा होता हें नव्हे. ऐकण्याची गरज नसलेलें बहुमत, हें होय.

सभात्यागानें बिल अडलें नाहीं. तें त्याच बैठकींत मंजूर झालें. या दृष्टीनें पाहतां ते पांच गृहस्थ हरले. तथापि त्या दिवसानें दोन गोष्टी मागें ठेविल्या व दोन्ही आजवर चालत आल्या आहेत. एक, विधिमंडळांत आपलें ऐकिलेंच जात नाहीं असें वाटल्यास उठून जाण्याची रीत. ती आतां इतकी नित्याची झाली आहे कीं, तिच्यामागें एके काळीं केवढें मनाचें ओझें होतें, याची कल्पनाहि येत नाहीं. दुसरी, सात-बारावरील नव्या शर्तीचा शब्द. पहिलीचा उल्लेख इतिहासग्रंथांत सांपडतो. दुसरी शेतकऱ्याच्या घरांत, कापडांत गुंडाळून ठेविलेल्या कागदांवर असते, आणि मुलीच्या लग्नास किंवा विहिरीच्या कामास पैसा लागला म्हणजे ती बाहेर काढून तहसील कचेरीची वाट धरावी लागते. विधान परिषदेच्या परंपरेचा इतिहास लिहिणारानें या दोहोंपैकीं पहिलीचाच विचार करून भागणार नाहीं. सभागृहांतील दिवसाचें मोल तेथें झालेल्या भाषणांवरून जितकें ठरतें, तितकेंच तो दिवस गांवच्या दप्तरांत काय लिहून गेला, यावरूनहि ठरवावें लागतें.